अपिलात शिक्षा रद्द झाली. आता कोणती कामं कोणत्या क्रमाने करायची?

अपिलाचा निकाल लागतो, वकील फोनवर "सुटलात" म्हणतात, घरी पेढे येतात. इथपर्यंत सगळं ठीक असतं. गडबड पुढे होते. वर्षभराने चारित्र्य पडताळणीत तीच जुनी शिक्षा छापून येते. जामीनदाराची कागदपत्रं कोर्टातच पडून असतात. भरलेला दंड कुणी परत मागितलेलाच नसतो. आणि "तुमच्यावर कधी गुन्हा दाखल झाला होता का?" या रकान्यात "नाही" लिहून माणूस नव्या भानगडीत अडकलेला असतो. कोर्ट दोषसिद्धी (म्हणजे दोषी असल्याचा निष्कर्ष) रद्द करतं, पण त्यानंतर प्रत्येक कार्यालयातली नोंद आपोआप बदलेल असं समजून कुणी विसंबू नये. तो आदेश आपण पोचवायचा असतो, आणि त्याला क्रम असतो.

कलमांबद्दल आधीच एक खुलासा. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. त्याआधीपासून प्रलंबित असलेली अपिलं मात्र १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेप्रमाणेच चालतात. म्हणून निकालात जुनी कलमं दिसली तर दचकू नका. खाली नव्या संहितेचं कलम दिलं आहे आणि गरज असेल तिथे कंसात जुनं.

## पायरी १: नेमकं काय रद्द झालं, ते शेवटच्या पानावर वाचा

निकाल दहा पानांचा असो की सहाशे, तुमच्या कामाचा भाग शेवटी असतो. 'आदेश' या शब्दाखाली क्रमवार मुद्दे असतात. बातमी, वकिलांचा फोन किंवा ग्रुपवर फिरणारा फोटो यांवर विसंबू नका. अपील कोर्टाचे अधिकार कलम ४२७ (जुनं ३८६) मध्ये आहेत आणि ते कोर्ट निरनिराळे निकाल देऊ शकतं.

दोषसिद्धी आणि शिक्षा रद्द, निर्दोष मुक्तता. हा पूर्ण निकाल. कायद्याच्या नजरेत तुम्ही आता दोषी नाही. ही मुक्तता कायम असेपर्यंत त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला चालवता येत नाही (कलम ३३७, जुनं ३००).

दोषसिद्धी रद्द, पण फेरसुनावणीचा आदेश. इथे सुटका झालेली नसते. तुम्ही पुन्हा कच्चे कैदी किंवा जामिनावरचे आरोपी होता. पेढे थांबवा.

कलम बदललं किंवा शिक्षा कमी केली. सर्वांत जास्त गैरसमज इथे होतो. "आजवर भोगलेली शिक्षा पुरेशी" असं म्हणून कोर्ट माणसाला सोडतं. तो त्याच दिवशी घरी येतो, म्हणून घरच्यांना वाटतं निर्दोष सुटला. पण दोषसिद्धी जशीच्या तशी उभी असते, फक्त मुदत घटलेली असते. अपील 'अंशतः मंजूर' असे शब्द दिसले की तिथे दोनदा थांबा.

शिक्षेला स्थगिती. अपील चालू असेपर्यंत जामीन, एवढाच याचा अर्थ (कलम ४३०, जुनं ३८९). दोषी हा शिक्का कायम.

दोषसिद्धीला स्थगिती. ही दुर्मीळ आणि वेगळी गोष्ट. राहुल गांधींच्या प्रकरणात सुरतच्या कोर्टाने २३ मार्च २०२३ रोजी दोन वर्षांची शिक्षा सुनावली आणि खासदारकी गेली. सर्वोच्च न्यायालयाने ४ ऑगस्ट २०२३ रोजी दोषसिद्धीलाच स्थगिती दिली आणि ७ ऑगस्टला सदस्यत्व परत मिळालं. दोषसिद्धी रद्द झाली नव्हती, तिचा परिणाम थांबला होता. नुसत्या शिक्षेला स्थगिती मिळून अपात्रता थांबली नसती.

माफी किंवा शिक्षेत सूट. राज्यपाल किंवा शासनाने शिक्षा कमी केली तर तुरुंगवास संपतो, कोर्टाने दिलेला दोषाचा निष्कर्ष त्यातून पुसला जात नाही.

खटल्यात एकाहून जास्त कलमं असतील तर प्रत्येक कलमापुढे काय लिहिलंय ते स्वतंत्रपणे पाहा. खुनाच्या आरोपातून मुक्तता आणि पुरावा नष्ट केल्याची शिक्षा कायम, असे निकाल होतात.

आता कारणांकडे. पुरावाच विश्वासार्ह नाही म्हणून मुक्तता, संशयाचा फायदा देऊन मुक्तता, आणि खटला चालवण्याची मंजुरीच सदोष होती म्हणून मुक्तता, या तिन्हींनी माणूस घरी येतो. पण पुढचा रस्ता वेगळा असतो. दिल्ली विद्यापीठाचे माजी प्राध्यापक जी. एन. साईबाबा यांच्या प्रकरणात उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १४ ऑक्टोबर २०२२ रोजी मंजुरीच्या मुद्द्यावर सुटकेचा निकाल दिला. दुसऱ्याच दिवशी, शनिवारी, सर्वोच्च न्यायालयाने खास बसून तो थांबवला, एप्रिल २०२३ मध्ये रद्द केला आणि प्रकरण परत पाठवलं. मग ५ मार्च २०२४ रोजी उच्च न्यायालयाने पुन्हा निर्दोष ठरवलं, तेव्हा ते नागपूर तुरुंगातून बाहेर आले. नुसत्या तांत्रिक मुद्द्यावरची सुटका किती हलकी असू शकते, ते या दीड वर्षात दिसतं.

> तपासा: आदेशात 'निर्दोष मुक्तता' हे शब्द आहेत का? सगळ्या कलमांसाठी आहेत का? तुमचं नाव आणि आरोपी क्रमांक त्यात आहे का? तीनही उत्तरं 'हो' असतील तरच पुढच्या पायऱ्या पूर्णपणे लागू होतात.

सहआरोपीने अपील केलं नसेल तर? त्याची शिक्षा तुमच्या निकालाने आपोआप रद्द होत नाही. दोघांविरुद्धचा पुरावा एकच असेल तर सर्वोच्च न्यायालयाने अपील न केलेल्या आरोपीलाही फायदा दिल्याची उदाहरणं आहेत, पण त्यासाठी कुणीतरी ते कोर्टासमोर मांडावं लागतं.

## पायरी २: नकला काढा, आणि भरपूर काढा

निकालाच्याच दिवशी नक्कल अर्ज टाका. वेबसाइटवर टाकलेली प्रत वाचायला आणि वकिलांना दाखवायला ठीक आहे. सरकारी टेबलावर प्रमाणित नक्कलच मागतात. एक मूळ फाइलला आणि किमान तीन-चार वाटायला, असा हिशेब धरा. दोन वर्षांनी पुन्हा नक्कल काढायची वेळ आली की रेकॉर्ड रूममधून फाइल निघेपर्यंत जीव मेटाकुटीला येतो.

नक्कल हातात पडली की शेवटच्या पानामागचा शिक्का बघा. अर्ज कधी केला, नक्कल कधी तयार झाली, कधी दिली, या तारखा तिथे असतात. पुढे कुठलीही मुदत मोजताना नक्कल तयार होण्यात गेलेला काळ वजा होतो, म्हणून या तारखा महत्त्वाच्या.

मग एक-एक शब्द जुळवा: नावाचं स्पेलिंग, वडिलांचं नाव, गुन्हा रजिस्टर क्रमांक, पोलीस ठाणं, सत्र खटला क्रमांक, कलमं. सही झालेला निकाल कोर्टाला बदलता येत नाही, फक्त लेखनातली किंवा आकड्यांची चूक दुरुस्त करता येते (कलम ४०३, जुनं ३६२). मुंबई उच्च न्यायालयात अशा दुरुस्तीसाठी वकील प्रकरण पुन्हा कोर्टासमोर लावतात, त्याला 'स्पीकिंग टू द मिनिट्स' म्हणतात. चूक आठवड्याभरात दिसली तर काम सोपं. गुन्हा क्रमांकातला एक आकडा चुकला आणि तो चार वर्षांनी पडताळणीत सापडला, तर मात्र पोलीस म्हणणार हा निकाल या गुन्ह्याचा नाहीच.

सोबत एक फाइल बनवा. त्यात एफआयआर, दोषारोपपत्राचं पहिलं पान, खालच्या कोर्टाचा शिक्षेचा निकाल, अपिलाचा निकाल, दंडाच्या पावत्या, जामिनाची कागदपत्रं, तुरुंगातून मिळालेलं सुटकेचं प्रमाणपत्र. खटल्याचा १६ अक्षरी सीएनआर क्रमांक (प्रत्येक खटल्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक) फाइलच्या वर मोठ्या अक्षरात लिहा. ई-कोर्टच्या साइटवर सगळं त्याच्यावरून सापडतं.

## पायरी ३: माणूस तुरुंगात असेल तर आधी त्याला बाहेर काढा

माणूस आत असेल तर ही पायरी दुसऱ्या पायरीच्या बरोबरीनेच सुरू करा.

उच्च न्यायालयाने अपिलाचा निकाल दिला की तो खालच्या कोर्टाला प्रमाणित करून पाठवायचा असतो आणि खालच्या कोर्टाने त्याप्रमाणे आदेश काढायचे असतात (कलम ४२९, जुनं ३८८). कागदावर हे सरळ आहे. प्रत्यक्षात आदेश निघणं, तो तुरुंगाच्या ज्युडिशियल विभागात पोचणं आणि संध्याकाळच्या बंदीच्या आत त्यावर कार्यवाही होणं, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. सर्वोच्च न्यायालयाचे आदेश २०२२ पासून 'फास्टर' या इलेक्ट्रॉनिक व्यवस्थेने थेट तुरुंगापर्यंत जातात. इतर कोर्टांच्या बाबतीत "मेल गेला का, तुरुंगाला मिळाला का" हे फोन करून विचारायला एक माणूस नेमा.

पाठपुरावा किती महत्त्वाचा आहे, हे समजायला 'रुदुल साह विरुद्ध बिहार राज्य' हा खटला पुरे. त्यांची जून १९६८ मध्ये निर्दोष मुक्तता झाली आणि तुरुंगातून सुटका ऑक्टोबर १९८२ मध्ये. चौदा वर्षं. सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये भरपाई द्यायला लावली.

सुटका कशाने अडते?

१. दुसरी केस. आदेशात "इतर कोणत्याही प्रकरणात आवश्यकता नसल्यास" असं वाक्य असतंच. दुसऱ्या जिल्ह्यातली जुनी केस, एखादं प्रॉडक्शन वॉरंट (कैद्याला दुसऱ्या कोर्टात हजर करण्याचा आदेश), दुसऱ्या खटल्यातला न भरलेला दंड, काहीही असलं की दार उघडत नाही. निकालाच्या आधीच वकिलांकडे सगळ्या केसेसची यादी द्या.

२. बंधपत्र. अपील निकाली काढण्यापूर्वी कोर्ट आरोपीकडून असं बंधपत्र घेतं, की वरच्या कोर्टाने बोलावलं तर हजर राहीन. ते सहा महिने लागू असतं (कलम ४८१, जुनं ४३७-अ). "निर्दोष सुटलो तर पुन्हा जामीन कशाला?" म्हणून लोक वाद घालत बसतात. वाद नको, बंधपत्र द्या. जामीनदार मिळत नसेल तर जातमुचलक्यावर (जामीनदाराशिवाय, स्वतःच्या हमीवर) सोडण्याची विनंती त्याच दिवशी करायला वकिलांना सांगा.

३. नावातला फरक. आदेशात एक आडनाव, तुरुंगाच्या रजिस्टरात दुसरं. म्हणून पायरी २ मधली जुळवणी.

बाहेर पडताना सुटकेचं प्रमाणपत्र, जमा असलेल्या वस्तू आणि कामाच्या मजुरीचे शिल्लक पैसे सही करून घ्या. किती दिवस आत काढले ते प्रमाणपत्रावर नीट लिहिलंय ना, बघा. पुढे भरपाई किंवा पगाराचा विषय निघाला तर हाच कागद लागतो.

फेरसुनावणीचा आदेश असेल तर: आधीचा जामीन पुढे चालू ठेवण्याबद्दल त्याच आदेशात दोन ओळी मिळवा. त्या नसतील तर खालच्या कोर्टात नव्याने जामीन मागावा लागतो आणि तोवर माणूस आतच.

> सावधान: तुरुंगातल्या व्यक्तीला उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं. "सुटकेचा कागद लवकर काढून देतो" म्हणत गेटवर पैसे मागणाऱ्याला काहीही देऊ नका.

## पायरी ४: पुढचं अपील येईल असं धरून चाला

निर्दोष मुक्ततेविरुद्ध शासन वर जाऊ शकतं आणि पीडित व्यक्तीलाही मार्ग असतो. सत्र न्यायालयाने अपिलात सोडलं असेल तर शासन उच्च न्यायालयात येतं आणि तिथे आधी अपिलाची परवानगी मागावी लागते. उच्च न्यायालयाने सोडलं असेल तर सर्वोच्च न्यायालयात विशेष अनुमती याचिका. दोन्हीकडे शासनाला साधारण ९० दिवसांची मुदत असते, पण उशीर माफ करून मागता येतो. एक्याण्णवाव्या दिवशी निर्धास्त झोपू नका, एवढंच.

अपील दाखल झालं म्हणजे मुक्तता संपली, असं नसतं. ७/११ च्या लोकल बॉम्बस्फोट खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने २१ जुलै २०२५ रोजी बाराही जणांची दोषसिद्धी रद्द केली. शासन लगेच सर्वोच्च न्यायालयात गेलं. २४ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरायचा नाही. पण सुटलेल्यांना परत तुरुंगात जायला सांगितलं नाही. बातम्यांत 'निकालाला स्थगिती' एवढंच ठळक होतं, आणि अनेकांनी त्याचा अर्थ भलताच घेतला.

या काळात काय करायचं:

- दर पंधरा दिवसांनी ई-कोर्ट, उच्च न्यायालय आणि सर्वोच्च न्यायालयाच्या साइटवर आपल्या नावाने आणि खालच्या केस क्रमांकाने शोध घ्या.
- प्रकरण सर्वोच्च न्यायालयात जाईल असं वाटत असेल तर कॅव्हेट (आधी आमचं ऐका, असा अर्ज) टाका, म्हणजे तुमचं न ऐकता एकतर्फी आदेश होण्याची शक्यता घटते.
- पत्ता बदलला तर वकिलांना लेखी कळवा. नोटीस जुन्या पत्त्यावर जाऊन परत गेली, की पुढे वॉरंट निघायला वेळ लागत नाही.
- बंधपत्राचे सहा महिने संपेपर्यंत बोलावल्यावर हजर राहता येईल अशा बेताने प्रवास आखा.

## पायरी ५: पैसे, मुद्देमाल आणि जामीनदार

ही सगळी कामं मूळ खटला चालला त्या कोर्टात होतात. अपिलाच्या निकालाची नक्कल जोडून वेगवेगळे अर्ज द्या. एकाच अर्जात सगळं कोंबलं की तो फिरत राहतो.

दंड. दोषसिद्धी गेली की दंडाला आधार राहत नाही. बऱ्याचदा आदेशातच "दंड भरला असल्यास परत करावा" असं असतं. तसं नसेल तरी अर्ज करा, मूळ पावतीसह. पावती हरवली असेल तर नाझर विभागातल्या (कोर्टाच्या पैशांचा हिशेब ठेवणाऱ्या विभागातल्या) नोंदीवरून उतारा मागा. दंडातून फिर्यादीला भरपाई द्यायचा आदेश असला, तरी अपिलाचा निकाल लागेपर्यंत ती रक्कम वाटायची नसते (कलम ३९५, जुनं ३५७), म्हणजे ती बहुधा कोर्टातच असते.

चेक बाउन्सची केस. अपील करताना कोर्टाने दंड किंवा भरपाईच्या किमान २० टक्के रक्कम भरायला लावली असेल आणि ती फिर्यादीने उचलली असेल, तर निर्दोष सुटल्यावर ती व्याजासह परत मिळते. पराक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १४८ मध्ये मुदतही आहे: आदेशापासून ६० दिवस, आणि कारण दाखवल्यास आणखी ३०. व्याज रिझर्व्ह बँकेच्या बँक दराने. निकालात या परतफेडीचा उल्लेख आलाय का ते पहिल्याच दिवशी बघा. नसेल तर लगेच मागा. फिर्यादी स्वतःहून आणून देईल या आशेवर राहू नका.

मुद्देमाल. मोबाइल, गाडी, रोकड, दागिने. खालच्या कोर्टाने जप्त करून सरकारजमा करायचा आदेश दिला असेल, तर तोही अपिलात रद्द झालाय का पाहा. लोक मुक्ततेच्या आनंदात हे विसरतात आणि गाडी पोलीस ठाण्याच्या आवारात गंजत राहते.

जामीनदार. त्याचं बंधपत्र रद्द झाल्याची नोंद घ्या आणि मूळ कागद परत द्या. जमिनीवर जामीन घेतल्याची नोंद सातबाऱ्यावर गेली असेल तर ती कमी करण्याचं पत्र कोर्टाकडून घेऊन तलाठ्याकडे द्या. रोख जामीन भरला असेल तर त्याचा परताव्याचा अर्ज. आपल्यासाठी उभा राहिलेला माणूस सहसा तोंडाने मागत नाही. म्हणून हे आपण आधी करावं.

पासपोर्ट कोर्टात जमा असेल तर तोही याच फेरीत.

> तपासा: प्रत्येक अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घेतली का?

## पायरी ६: भरपाई हवी असेल तर मुदत आत्ताच वहीत लिहा

भारतात चुकीच्या शिक्षेबद्दल आपोआप भरपाई देणारा कायदा नाही. विधी आयोगाने ऑगस्ट २०१८ च्या २७७ व्या अहवालात तसा कायदा सुचवला आहे. सध्या दोन वाटा. मूलभूत हक्काचा भंग झाला म्हणून उच्च न्यायालयात रिट याचिका, किंवा द्वेषाने खटला भरल्याबद्दल दिवाणी दावा. दाव्याची मुदत मुक्ततेपासून एक वर्ष आहे. त्यात फिर्यादीचा द्वेष आणि खटल्याला वाजवी कारण नसणं हे दोन्ही सिद्ध करावं लागतं. संशयाचा फायदा मिळून सुटलेल्या माणसाचा असा दावा टिकणं अवघड, हे माझं स्पष्ट मत. वकिलाची फी भरण्याआधी निकालातले परिच्छेद त्याला दाखवून खरं उत्तर मागा.

## पायरी ७: पोलिसांकडची नोंद

"रेकॉर्ड पुसून मिळेल का?" हा प्रश्न सर्वांत जास्त येतो. प्रौढ व्यक्तीच्या बाबतीत सगळं रेकॉर्ड पुसून टाकणारी सर्वसाधारण तरतूद आपल्याकडे नाही. बालन्याय कायद्यात विधिसंघर्षग्रस्त बालकांसाठी ती आहे. प्रौढाच्या बाबतीत गुन्हा दाखल झाला होता ही नोंद राहते; तिच्यापुढे 'शिक्षा' ऐवजी 'अपिलात निर्दोष' असं यावं, हे आपलं काम.

१. ज्या पोलीस ठाण्यात गुन्हा दाखल झाला तिथे वरिष्ठ निरीक्षकांच्या नावे अर्ज द्या. गुन्हा क्रमांक, खटला क्रमांक, अपील क्रमांक, निकालाची तारीख, सोबत प्रमाणित नक्कल. विनंती एका ओळीत: गुन्ह्याच्या अंतिम निकालाची नोंद ठाण्याच्या अभिलेखात आणि सीसीटीएनएस प्रणालीत (पोलीस ठाण्यांना जोडणाऱ्या संगणकीय नोंदीत) अद्ययावत करावी.

२. तीच प्रत पोलीस अधीक्षक किंवा आयुक्त कार्यालयाला.

३. बोटांचे ठसे, फोटो वगैरे मोजमापं घेतली असतील तर २०२२ च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायद्याचा आधार घ्या. पूर्वी शिक्षा न झालेली व्यक्ती निर्दोष सुटली आणि सगळे कायदेशीर उपाय संपले, तर ही मोजमापं नष्ट करायची असतात, कोर्टाने वेगळा आदेश दिला नसेल तर. 'सगळे उपाय संपले' या अटीमुळे हा अर्ज पायरी ४ चा काळ उलटल्यावरच द्या. घाईने दिला तर फेटाळला जातो.

४. या शिक्षेच्या आधारावर हद्दपारीचा आदेश निघाला असेल, तर त्याविरुद्ध स्वतंत्रपणे दाद मागावी लागते. अपिलाच्या निकालाने तो आपोआप उठला, असं धरून जिल्ह्यात परतू नका.

मग महिना-दीड महिन्याने स्वतःच चारित्र्य पडताळणीसाठी अर्ज करा. नोकरीची घाई नसताना. अहवालात काय छापून येतं ते तेव्हाच कळलं तर दुरुस्तीला वेळ असतो.

इंटरनेटवरच्या जुन्या बातम्या आणि निकाल हा स्वतंत्र विषय आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये एका निर्दोष व्यक्तीच्या बाबतीत निकाल सर्चमध्ये न दिसण्याचा अंतरिम आदेश दिला होता, पण सर्वांना लागू होईल असा पक्का नियम नाही. बातमी छापणाऱ्या संस्थेला निकालाची प्रत पाठवून बातमी अद्ययावत करायला सांगणं हा सर्वांत स्वस्त उपाय.

## पायरी ८: सरकारी नोकरी

शिक्षेमुळे बडतर्फी झाली असेल तर तिचा पायाच गेला, म्हणून पुन्हा रुजू करून घेण्याचा अर्ज नियुक्ती प्राधिकाऱ्याकडे द्या. तोंडी विचारणा करत बसू नका. तारीख लागते ती लेखी अर्जाची. उत्तर आलं नाही किंवा नकार आला तर राज्य कर्मचाऱ्यांसाठी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण आहे.

इथे दोन अपेक्षाभंग आधीच सांगून ठेवतो. एक, मधल्या काळाचा पूर्ण पगार हमखास मिळत नाही. खासगी कारणावरून झालेल्या गुन्ह्यात कर्मचारी अडकला आणि पुढे सुटला, तर खात्यावर मागच्या पगाराचा बोजा टाकता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने एकाहून अधिक निकालांत म्हटलं आहे. खात्यानेच खटला भरला असेल तर बाजू वेगळी पडते. दोन, निर्दोष सुटल्यावरही खातं स्वतंत्र विभागीय चौकशी करू शकतं, कारण तिथे पुराव्याची कसोटी सैल असते. 'संशयाचा फायदा' आणि 'सन्मानपूर्वक मुक्तता' हा फरक इथेच अंगाशी येतो. निकालात कोर्टाने "आरोप निराधार", "साक्षीदार खोटे" अशा स्पष्ट शब्दांत काही म्हटलं असेल तर तो परिच्छेद क्रमांकासह अर्जात उतरवा. निवृत्तीचं वय उलटून गेलं असेल तर अर्ज पुनर्स्थापनेऐवजी निवृत्तिवेतन आणि थकबाकीसाठी करा.

## पायरी ९: फॉर्म भरताना प्रश्न शब्दशः वाचा

इतकं सगळं निस्तरून झाल्यावर माणसं इथे घसरतात. "आता मी निर्दोष, म्हणजे काही घडलंच नाही" असं मानून सरसकट 'नाही' लिहितात. फॉर्म काय विचारतो त्यावर उत्तर ठरतं.

- "तुम्हाला शिक्षा झाली आहे का?" दोषसिद्धी रद्द झाली असेल तर आज तुम्ही दोषी नाही. तरीही 'नाही' एवढ्यावर न थांबता शेऱ्यात निकाल नमूद करा.
- "तुमच्यावर कधी गुन्हा दाखल झाला, अटक झाली, खटला चालला होता का?" इथे उत्तर हो. मुक्ततेने अटक झालीच नव्हती असं होत नाही.
- "सध्या काही प्रकरण प्रलंबित आहे का?" शासनाचं अपील दाखल असेल तर हो.

सर्वोच्च न्यायालयाने 'अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार' या २०१६ च्या निकालात ठरवून दिलं की साक्षांकन फॉर्ममधली (नोकरीआधी पडताळणीसाठी भरून घेतात त्या फॉर्ममधली) माहिती खरी हवी आणि दडवादडवी आढळली तर नेमणूक रद्द होऊ शकते. खरी माहिती देऊनही मालक उमेदवाराची योग्यता तपासू शकतो, हे खरं. पण निर्दोष निकाल हातात असलेला उमेदवार तिथे बाजू मांडू शकतो. खोटं लिहिलेल्याला ते जवळपास अशक्य होतं.

शेऱ्यात एवढं लिहा:

*"गु. र. नं. ___, ___ पोलीस ठाणे. सत्र खटला क्र. ___ मध्ये दि. ___ रोजी शिक्षा. फौजदारी अपील क्र. ___ मध्ये दि. ___ च्या निकालाने दोषसिद्धी व शिक्षा रद्द, सर्व आरोपांतून निर्दोष मुक्तता. या निकालाविरुद्ध आजतागायत अपील प्रलंबित नाही. प्रमाणित नक्कल जोडली आहे."*

शेवटचं वाक्य लिहिण्याआधी त्याच दिवशी साइटवर शोध घ्या आणि स्क्रीनशॉट जपून ठेवा.

पासपोर्टसाठी हाच मजकूर चालतो. परदेशी व्हिसाचे प्रश्न जास्त रुंद असतात. अमेरिकेच्या फॉर्ममध्ये कधीही अटक झाली होती का हे विचारतात, माफी मिळाली असली तरी. तिथे 'हो' लिहून निकालाची नक्कल आणि गरज पडल्यास तिचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर सोबत ठेवा. खालच्या कोर्टाचा निकाल मराठीत असेल तर भाषांतराला दिवस लागतात. मुलाखतीची तारीख घेण्याआधी ते काम उरकून घ्या.